कमानीखालचा गंज

जे दिसते त्याची निगा राखावयाची आणि जे दिसत नाही ते देवावर हवाला ठेवून सोडावयाचे, अशी मोटार बाळगणाऱ्या मंडळींची सर्वसाधारण रीत आहे. दर रविवारी बादली आणि फडके घेऊन मोटारीचा टप, दरवाजे आणि काचा लख्ख करणारे गृहस्थ आमच्या आळीतच चार-पाच आहेत. परंतु गुडघे टेकून, मान वाकडी करून, चाकाच्या वरील कमानीत हात घातलेला त्यांपैकी एकही आम्ही पाहिलेला नाही. वस्तुतः जुन्या मोटारीचे आयुष्य त्या कमानीतच ठरते. इंजीन बिघडले तर ते उतरवून दुरुस्त करता येते, काच फुटली तर दुसरी मिळते, आसनांस नवे कापड चढविता येते; पण कमान सडू लागली की सगळी मोटारच आतून सडू लागते, आणि ती वार्ता मालकास सर्वांत शेवटी कळते.

हे आम्ही ज्या मोटारीच्या आधारे लिहीत आहो ती आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी होय. १९७५ साली आमच्या वडिलांनी ती नवी घेतली. ते डॉक्टर होते, आणि रत्नागिरीच्या आसपासच्या खेड्यांतून रोगी पाहावयास जाण्यासाठी त्यांस मोटारीवाचून गत्यंतर नव्हते. या मोटारीची कुळकथा तरुण वाचकांस ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. इटलीच्या फियाट कंपनीने १९५३ साली आपल्या ११०० या मोटारीस नवे रूप दिले. त्याच वंशातील पुढची मोटार वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातील प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार करू लागली, आणि १९७४ च्या सुमारास तिला राणी पद्मिनीचे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सारा देश ओळखीत असे. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ अश्रू ढाळले गेले. आमची पद्मिनी अजून चालते, त्यामुळे तिच्या वाट्याचे अश्रू आम्ही राखून ठेविले आहेत.

ती चालते याचे श्रेय आमच्या हौसेस नाही. आमच्या मातोश्रींचे वय ८४ आहे आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. हल्लीच्या मोटारी एक तर शिडी लावून चढण्याइतक्या उंच, नाही तर विहिरीत उतरल्याप्रमाणे आत शिरावे लागेल इतक्या बुटक्या. पद्मिनीचे आसन मात्र त्यांस घरच्या बाकासारखे पडते. पाठ टेकवून, पाय वळवून त्या कोणाच्या आधारावाचून आत बसतात. पंधरवड्यातून एकदा दवाखाना आणि मधूनमधून देऊळ, एवढाच त्यांचा प्रवास उरला आहे, आणि तो याच मोटारीतून होतो. तेव्हा कमान भक्कम आहे की नाही हा आमच्या घरी सौंदर्याचा प्रश्न नसून मातोश्रींच्या खालच्या जमिनीचा प्रश्न आहे.

तो तसा का आहे, हे समजण्यास या मोटारीची बांधणी पाहिली पाहिजे. फार जुन्या मोटारींत खाली लोखंडी तुळयांचा सांगाडा असे आणि वरचे शरीर त्यावर बोल्टांनी बसविलेले असे. शरीर गंजले तरी सांगाडा भार वाहतच राही. फियाट ११०० मध्ये असा निराळा सांगाडा नाही. पातळ पत्र्याचे दाबून वळविलेले तुकडे एकमेकांस टाक्यांनी जोडून त्यांचेच एक कवच केलेले असते आणि तेच सारा भार उचलते. मागल्या चाकाच्या कमानीत असे दोन पत्रे एकत्र येतात: एक बाहेरचा, रंगविलेला, लोकांस दिसणारा, दुसरा आतला, चाकावर छत्रीसारखा ओणवा झालेला. दोहोंच्या कडा कमानीच्या ओठाशी एकमेकींवर दुमडून टाचलेल्या असतात. त्या दोन कडांमध्ये कागद जाईल एवढीच फट असते. पण पाण्यास तेवढी पुरते. मागल्या स्प्रिंगांचे पाटे याच भागाच्या शेजारी तळास धरलेले असतात. म्हणजे ओठाशी आरंभलेला गंज आतल्या पत्र्यावरून सरकत गेला की चाकाने दिलेला हिसका झेलणाऱ्या जागेपर्यंत तो पोहोचतो.

जुन्या मोटारींविषयीची इंग्रजी पुस्तके चाळली तर या कमानींवर पानेच्या पाने खर्ची पडलेली दिसतात. त्याचे कारण तेथे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात आणि तेच मीठ चाकांनी उडून कमानीत बसते. आमच्याकडे रस्त्यावर मीठ कोणी टाकीत नाही. ते काम समुद्रावरचा वारा फुकट करतो. त्यावर रत्नागिरीस दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि खाली जांभ्याची तांबडी माती! या मातीचा एक विशेष असा की तिचा तांबडा रंग मुळात लोखंडाच्या ऑक्साइडाचाच आहे. अर्थात आमच्या भागात चिखल आणि गंज हे सख्खे भाऊ असून तोंडावळ्यानेही सारखेच. कमानीत बोट फिरवून ते तांबडे निघाले, तर ती रस्त्याची माती की मोटारीचा पत्रा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण. देशावरचा मनुष्य गंज पाहून दचकतो. कोकणातला तो पाहून माती समजतो आणि चहा प्यावयास जातो.

पाण्याने लोखंड गंजते हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु चिखलाखाली ते अधिक का गंजते, याचे उत्तर तितके सरळ नाही. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यु. आर. एव्हन्स यांनी १९२० च्या दशकात एक साधा, पण मोठा मार्मिक प्रयोग केला. लोखंडाच्या घासलेल्या पत्र्यावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेविला. थेंबाच्या कडेस हवेतील प्राणवायू मुबलक पोहोचतो, मध्यभागी कमी. सामान्य बुद्धीस वाटेल की जेथे प्राणवायू अधिक तेथे गंज अधिक. घडते ते उलट. लोखंड विरघळते ते मध्यभागी, जेथे प्राणवायूची टंचाई असते तेथे. कडेचा भाग शाबूत राहतो, आणि गंजाचे कडे या दोहोंच्या मध्ये उमटते. एकाच पत्र्याचे दोन भाग जणू विजेच्या घटाची दोन टोके बनतात आणि हवेवाचून गुदमरलेले टोक झिजते. कमानीत अडकलेला ओल्या मातीचा गोळा म्हणजे हाच थेंब, आणि तो महिनोन् महिने न सुकणारा. उघडा, धुतलेला पत्रा पावसात भिजूनही पुष्कळ काळ टिकतो. गोळ्याखालचा पत्रा गुपचूप जातो. त्यातच पत्र्याहून गंजास जागा कितीतरी पट अधिक लागते, म्हणून दोन कडांच्या फटीत तो धरला की पाचर ठोकल्याप्रमाणे त्या कडा फाकवितो आणि पुढल्या पाण्यास वाट करून देतो.

आमचे एक सहाध्यापक, जे इतिहास शिकवितात, ते या विषयावर बोलणे निघाले की दिल्लीचा लोहस्तंभ आमच्या अंगावर फेकतात. सोळाशे वर्षे तो उभा आहे, मग तुमची पन्नास वर्षांची मोटार का कुरकुरते? त्यांस आमचे उत्तर असे की त्या स्तंभाच्या लोखंडात स्फुरदाचा अंश बराच असल्याने त्यावर एक रक्षक पापुद्रा धरला आहे. शिवाय त्यास चाके नाहीत.

असो. आता मुख्य हकीकतीकडे वळू. २०२१ साली आमचे थोरले बंधू काही महिने मोटार पुण्यास घेऊन गेले होते. तेथील एका मोठ्या गॅरेजात तिच्या पोटास काळा डांबरी लेप देण्यात आला आणि दहा वर्षांच्या हमीचा छापील कागद हाती पडला. मोटार परत आली ती खालून अशी काळीभोर आणि गुळगुळीत, की पाहणाऱ्याने निश्चिंत व्हावे. २०२५ च्या एप्रिलात ब्रेकच्या कामासाठी आमच्या मिस्त्रींनी ती ठोकळ्यांवर चढविली, मागली चाके काढली, आणि सवयीने उजव्या कमानीच्या ओठाशी स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकून किंचित दाबले. टोक आत गेले. काही आवाजदेखील झाला नाही. मिस्त्री क्षणभर तसेच बसून राहिले आणि म्हणाले, “सर, हे डांबर आहे म्हणून उभं आहे.”

लेप खरवडल्यावर आत जे निघाले ते आम्ही एका वर्तमानपत्रावर काढून ठेविले: मातीचा तीन बोटे जाडीचा सुकलेला थर, त्यात आंब्याच्या पानाचे देठ, आणि पापुद्र्यापापुद्र्यांचा गंज, जो मुठीत दाबला की भुकटी होई. मोटार धुतल्यावाचूनच लेप दिला होता. “यांनी मातीला रंग दिला, पत्र्याला नाही,” असे मिस्त्री म्हणाले, आणि त्यापुढे त्या गॅरेजाविषयी त्यांनी जे उद्गार काढले ते या मासिकाच्या पानांत बसण्यासारखे नाहीत. खाली पाणी निथळून जाण्याकरिता कारखान्याने ठेवलेली छिद्रेही त्या लेपाने बुजली होती. म्हणजे आत शिरलेल्या पाण्यास बाहेर पडण्याची मुभा राहिली नव्हती.

जाड लेपाविषयी आमच्या लोकांच्या मनात एक स्वाभाविक भक्ती आहे. देवाच्या मूर्तीस शेंदूर चढवावयाचा तो थरावर थर. मूळ रूप त्याखाली कसे आहे हे पिढ्यान् पिढ्या कोणास दिसत नाही. २०२२ साली सप्तशृंगगडावरील देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर उतरविण्यात आला तेव्हा आतले मूळ स्वरूप पाहून भाविकही चकित झाले. तेथे शेंदराखाली पाषाण होता, म्हणून सर्व नीट निभावले. पत्र्याचे तसे नाही. गमतीची गोष्ट अशी की खुद्द शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हा लोखंडाचा एके काळचा उत्तम रक्षक. पूल आणि जहाजे यांस पहिला हात त्याचाच देत असत. शिसे विषारी म्हणून तो मागे पडला. हल्ली ‘रेड ऑक्साइड’ म्हणून जो तांबडा डबा स्वस्तात मिळतो त्यात शिसे नसून लोखंडाचेच ऑक्साइड असते, म्हणजे रसायनाच्या नात्याने पाहू गेल्यास गंजाचाच चुलतभाऊ. रंग म्हणून तो वाईट नाही. पण शेंदराची रक्षणशक्ती त्याच्या अंगी आहे असे मानणे म्हणजे नावावर भुलणे होय.

मग काय करावयाचे? सडलेला पत्रा वाचविता येत नाही, तो कापूनच काढावा लागतो, आणि कोठपर्यंत कापावयाचा याविषयी दयामाया कामाची नाही. मिस्त्रींनी चकचकीत धातू लागेपर्यंत कापले. आम्हांस वाटले होते चार बोटे जाईल, वीतभर गेले. पाट्याच्या पकडीपासून गंज अवघा दोन बोटांवर येऊन थांबला होता. ते अंतर मिस्त्रींनी बोटे ठेवून आम्हांस दाखविले, आणि त्या दिवसापासून काम पुरे होईपर्यंत मातोश्री रिक्षाने गेल्या. दर खेपेस रिक्षाच्या पायरीवर आम्ही आणि आमचे कुटुंब असे दोघांनी मिळून त्यांस उचलून बसविले. त्यांनी तक्रार केली नाही. एकदा मात्र मिस्त्रींस त्यांनी विचारले, “मी पाय ठेवते ती जागा घट्ट आहे ना रे?” मिस्त्री म्हणाले, “ती घट्ट आहे, आई. मागची करतोय.”

नवा पत्रा त्यांनी लाकडी ठोकळ्यावर ठोकून कमानीच्या वळणाचा केला आणि लहान लहान टाक्यांनी, मध्ये थंड होऊ देऊन, जोडला. सलग जोडीत गेल्यास उष्णतेने पत्रा वाकतो. लांबी भरण्यापूर्वी त्यांनी एक परीक्षा घेतली ती आम्हांस फार आवडली. रात्री कमानीच्या आत बॅटरी धरली आणि बाहेरून आम्हांस पाहावयास सांगितले. दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढा प्रकाश दिसला. तेथे पुन्हा टाके घातले, आणि मग लांबी. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलट असतो: भोक लांबीने बुजवावयाचे आणि वर रंग द्यावयाचा. लांबी ओल शोषते, पाठीमागचा गंज चालूच राहतो, आणि दोन पावसाळ्यांत रंगावर फोड येतो.

स्वच्छ नव्या पत्र्यावर आम्ही जस्ताची भुकटी असलेला प्राइमर दिला. जस्ताचा स्वभाव असा की लोखंडास लागून राहिले तर ओलीचा मार ते आपल्या अंगावर घेते आणि स्वतः झिजून लोखंडास वाचविते. मात्र त्यास उघड्या धातूचा प्रत्यक्ष स्पर्श पाहिजे. जेथे ब्रश पोहोचत नाही आणि गंज पुरता निघत नाही अशा कोपऱ्यांत ते निरुपयोगी. तेथे टॅनिनयुक्त द्रावण फासले. हे द्रावण बाटलीत भरून परदेशी नावाने येते, पण त्याचा गुण आमच्या हिरड्याचाच. हिरड्याच्या काढ्यास लोखंड लागले की काळाभोर रंग होतो आणि रंगारी लोक कापड काळे करण्यास पिढ्यान् पिढ्या त्याचा उपयोग करीत आले. तेच येथे गंजावर घडते, आणि तांबडी भुकटी आमच्या डोळ्यांदेखत निळसर काळी, घट्ट होते. गंज जातो असे नाही, पण त्याची भूक मंदावते.

शेवटल्या हातावरून मात्र मिस्त्रींचा आणि आमचा मतभेद झाला. त्यांचे म्हणणे, इंजिनातले जळके ऑइल डिझेलात मिसळून खालून फवारावे. त्यांचे वडील ट्रकांस हेच करीत. हा उपाय अगदीच टाकाऊ नाही. तेलाने पाणी दूर राहते खरे. पण ते तेल रबराचे भाग मऊ करते, ब्रेकवर उडाले तर घात करते, आणि पहिल्या मोठ्या पावसात आमच्या विहिरीच्या वाटेस लागते. आम्ही मेणाचा आग्रह धरिला. पातळ केलेले मेण उन्हात तापलेल्या पत्र्यावर फवारले की ते दोन कडांच्या फटीत आपोआप ओढले जाते, आणि मग घट्ट होते. डांबरासारखे तडकत नाही, आणि त्याच्या आड काय चालले आहे ते खरवडून केव्हाही पाहता येते. मिस्त्रींचे बंधू मिरकरवाड्यास होडीवर आहेत. लाकडी होडीस माशाचे तेल लावतात त्याची आठवण काढून ते शेवटी राजी झाले. लोखंडावरही माशाचे तेल चालते, हे एका स्कॉटिश कप्तानाने आपल्या जहाजाच्या गंजक्या तक्त्यावर पाहिले आणि १९२१ साली त्यावर अमेरिकेत रंगाचा कारखाना काढला, असे सांगतात. ही हकीकत ऐकून मिस्त्रींनी मेणाविषयीचा उरलासुरला आक्षेपही मागे घेतला, जरी तिचा मेणाशी काडीचा संबंध नव्हता.

कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीस आगोट म्हणतात. त्या दिवसांत घरे शाकारावयाची, भिंतींस झापे बांधावयाची, सरपण आत घ्यावयाचे. मृग जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस लागतो, त्या हिशेबाने आम्ही उजवी कमान आधी आणि डावी मागून असे काम लाविले होते. परंतु २०२५ साली पावसाने पंचांग मानले नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच तो कोसळू लागला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईसही पोहोचला. इतक्या लवकर तो तेथे आल्याची नोंद नव्हती. आमच्या डाव्या कमानीस तोवर प्राइमर तेवढा लागला होता. पत्रा तापण्याजोगे ऊन पुन्हा मिळाले नाही. सांध्यात लांबी नाही, मेण नाही, अशा स्थितीत ती कमान चार महिने काढणार होती.

याच सुमारास थोरल्या बंधूंचा पुण्याहून फोन आला. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी निराळी नोंदणी काढली आहे. मोटार मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात, कवचात आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. तशा मोटारीस ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, मात्र रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या पद्मिनीस २०२५ मध्येच पन्नास वर्षे पूर्ण झाली. बंधूंचे मत, तिला ती पाटी घ्यावी, कोरड्या शेडमध्ये ठेवावी, म्हणजे बाबांची आठवण शाबूत राहील आणि गंजाची कटकट कायमची मिटेल.

बंधूंच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे, परंतु त्यांच्या रसायनाविषयी नाही. ओल्या मातीसकट कोंडून ठेवलेली मोटार चालत्या मोटारीहून लवकर सडते; शेड कोरडी असली तरी फट कोरडी नसते. त्यांनी मातोश्रींसही फोनवर घ्यावयास सांगितले. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अरे, पण मग मी दवाखान्यात कशातून जाऊ?” त्यापुढे तो विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतर निघेल, याची आम्हांस खात्री आहे.

त्या पावसाळ्यात आम्ही एक नेम धरिला. प्रत्येक फेरीनंतर, मोटार पोर्चमध्ये येताच, पाण्याची नळी घेऊन दोन्ही मागल्या कमानी खालून धुवावयाच्या. जोर बेताचा, वेळ भरपूर. मग ओठाच्या आतून बोट फिरवून माती उरली नाही ना ते पाहावयाचे, आणि निथळण्याची छिद्रे तारेने मोकळी करावयाची. जेमतेम दहा मिनिटांचे काम. आमच्या आळीतले रविवारचे गृहस्थ प्रथम हसले. पुढे एकाने आपल्या मोटारीच्या कमानीत बोट घालून पाहिले, आणि नळी मागावयास आला.

दिवाळीनंतर मिस्त्रींनी मोटार पुन्हा ठोकळ्यांवर चढविली. उजव्या कमानीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली तेव्हा ठण्ण असा आवाज आला. डाव्या कमानीच्या सांध्यात नखाएवढ्या जागी तांबडे दिसत होते. मिस्त्रींनी त्यास ओल्या फडक्याने पुसले. ते पुसले गेले नाही, म्हणजे माती नव्हे. ऊन चांगले होते. त्यांनी घासकागद मागितला आणि आम्ही मेणाचा डबा उन्हात ठेविला.